तुंबलेला पावसाळी नळ

घरातील ज्या वस्तूकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, अशा एका वस्तूविषयी आज बोलावयाचे आहे. गच्चीच्या कोपऱ्यातून निघून भिंतीच्या कडेने खाली उतरणारा, आणि बहुधा घराच्या मागल्या अंगास असल्यामुळे पाहुण्यांच्या दृष्टीसही न पडणारा पावसाळी नळ, ही ती वस्तू. घर बांधताना दाराची चौकट, देवघराची दिशा, फरशीचा रंग यांविषयी आपण चार चार दिवस खल करतो. परंतु हा नळ किती रुंद असावा आणि कोठे असावा, हे गवंड्यावर सोपवून मोकळे होतो. पुढे तो तुंबतो, छताला ओल येते, आणि दोष पावसाला दिला जातो. पाऊस आपले काम नेमाने करीत असतो. पाण्याला आपण वाट काढून दिली नाही, तर ते घराचीच वाट लावते, एवढाच या साऱ्याचा अर्थ.

आपल्या जुन्या घरांना हा नळ ठाऊक नव्हता. उतरत्या छपरावरचे पाणी वळचणीवरून पागोळ्यांनी थेट अंगणात पडे. गोव्यातील घरांची छपरे भिंतीच्या बाहेर चांगली लांब काढलेली असत, त्यामुळे पागोळ्या भिंतीपासून दूर, जांभ्या दगडाच्या फरसबंदीवर पडत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी वाड्यांत छपराची एक बाजू आतल्या चौकाकडे उतरती असे. चौकात पडलेले पाणी दगडी मोरीने बाहेर जाई. मंगळुरास १८६५ साली बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, आणि यंत्रावर घडविलेली ती लाल कौले हळूहळू सर्वत्र पसरली. छपराचे रूप त्यामुळे पालटले, परंतु पाणी पडण्याची रीत तीच राहिली. या रीतीत एक मोठा गुण होता: पागोळी तुंबत नाही. छपरावरचे पाणी शेकडो बारीक धारांत वाटले जाते. एखाद्या कौलावर पान अडकले, तर पाणी शेजारच्या कौलावरून उतरते.

सपाट गच्ची आली आणि ही वाटणी संपली. साऱ्या गच्चीवरचे पाणी आता एकदोन कोपऱ्यांकडे वळवून मूठभर रुंदीच्या तोंडात सोडावे लागते. त्या तोंडाशी एक पिशवी येऊन बसली, की साऱ्या घराचा मार्ग बंद. आपण ज्याला पन्हळ म्हणतो तो शब्द संस्कृतातील ‘प्रणाल’ या शब्दावरून आला आहे. देवळाच्या गाभाऱ्यातून पाणी बाहेर सोडणारी दगडी मोरी म्हणजे प्रणाल. शिवमंदिरात प्रदक्षिणा घालताना त्या जागी थांबून परत फिरावयाचे, ती ओलांडावयाची नाही, असा दंडक आहे. देवळात पाण्याच्या वाटेचा एवढा मान राखणारे आपण घरच्या पन्हळीकडे मात्र छत गळू लागेपर्यंत पाहत नाही.

आता थोडा हिशेब करू. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला, की एक लिटर पाणी होते. हे एक सूत्र ध्यानात ठेवले, की पुढचे सारे गणित घरच्या घरी करता येते. आपली गच्ची शंभर चौरस मीटर, म्हणजे सुमारे पावणेअकराशे चौरस फूट आहे असे धरू. तासाला १०० मिलिमीटर या वेगाने सर कोसळू लागली, तर त्या गच्चीवर तासाला दहा हजार लिटर, म्हणजे सेकंदाला पावणेतीन लिटरांहून थोडे अधिक पाणी जमते. पंधरा लिटरांची बादली साडेपाच सेकंदांत भरावी, असा हा ओघ. आपल्या देशातील बांधकामाच्या मानक कोष्टकांप्रमाणे अशा सरीत चार इंची नळ ढोबळ मानाने ४० चौरस मीटर गच्चीचे पाणी वाहून नेऊ शकतो, आणि तीन इंची नळ २० चौरस मीटरांचे. नळाचा व्यास एक इंचाने कमी झाला, की त्याचे काम निम्म्यावर येते. म्हणजे आपल्या या गच्चीला चार इंची तीन नळ हवेत. असतात किती, हे ज्याने त्याने आपल्या घराभोवती एक फेरी मारून मोजावे.

येथे कोणी म्हणेल, की हा हिशेब गोव्यासाठी ठीक आहे. तेथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या ग्वाल्हेरीस किंवा हैदराबादेस एवढा पाऊस कोठला? परंतु नळाची परीक्षा वर्षाच्या बेरजेवर होत नसते, ती एका तासाच्या सरीवर होते. बडोद्यास ३१ जुलै २०१९ रोजी चोवीस तासांत जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला. वर्षाच्या सरासरीतील जवळजवळ निम्मा पाऊस एका दिवसात आला. जेथे पाऊस थोडा, तेथे नळाकडे दुर्लक्ष अधिक. म्हणून अशा गावांनी उलट अधिक सावध असावयास हवे.

हा नळ तुंबतो केव्हा? पावसाळ्यात तो तुंबलेला दिसतो, परंतु तुंबण्याचे काम मागल्या आठ कोरड्या महिन्यांत होऊन गेलेले असते. ते काम प्रत्येक गावी निराळ्या रीतीने चालते. बडोद्यास मकरसंक्रांतीला सारे गाव गच्चीवर असते. त्या दिवशीचे फाटके पतंग आणि मांज्याची भेंडोळी कोपऱ्यात तशीच राहतात, आणि जूनमध्ये नळाच्या तोंडाशी त्यांची जाळी विणली जाते. इंदूर-ग्वाल्हेरीकडे दिवाळीच्या फटाक्यांचे कागद आणि वैशाखातील वावटळींची धूळ. गोव्यात फणसाची आणि आंब्याची जाड पाने, माडाचे तंतू, आणि पहिल्या पंधरवड्यातच धरणारे शेवाळ. बेळगावास गुलमोहर मे महिन्यात डोळ्यांना सुख देतो. पण त्याच्या पाकळ्या आणि तांदळाएवढी बारीक पाने जाळीवर अशी बसतात, की जणू कोणी कापड पसरले आहे. पारव्यांची घरटी, मुलांचे चेंडू आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या या सर्वत्र सारख्याच. यांत एक शत्रू विशेष वाईट आहे. गच्चीची डागडुजी करताना गवंडी आपली घमेली तेथेच धुतात, आणि सिमेंटचे ते पाणी नळात सोडतात. पान कुजते, माती विरघळते. सिमेंट मात्र नळाच्या कोपरात जाऊन दगड होऊन बसते. डागडुजीच्या वेळी नळाच्या तोंडात कापडाचा बोळा बसवून ठेवावा, आणि काम संपताच तो आठवणीने काढावा.

नळ तुंबला तर काय बिघडते, हेही थोडक्यात पाहू. पहिला प्रश्न भाराचा. शंभर चौरस मीटर गच्चीवर दहा सेंटिमीटर पाणी साठले, तर त्याचे वजन दहा टन होते. माणसांना वावरता येईल अशी गच्ची साधारणतः दर चौरस मीटरला १५० किलो जादा भार धरून आखतात. पंधरा सेंटिमीटर पाणी म्हणजे नेमका तेवढा भार. जुन्या, झिजलेल्या छताला तेवढेही बळ उरलेले नसते. दुसरा प्रश्न गंजाचा. साठलेले पाणी नळाच्या तोंडाभोवतीच्या फटींतून छतात मुरते आणि आतल्या लोखंडी सळया गंजतात. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो, आणि छताचे पोपडे आतून फुटून पडू लागतात. तिसरा प्रश्न आरोग्याचा. डेंग्यू पसरविणारा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास होण्यास आठदहा दिवस पुरतात.

परंतु सर्वांत मोठे संकट मातीच्या भिंतींवर असते. बेळगावच्या जुन्या गल्ल्यांतून घराला घर लागून आहे. दोन घरांची छपरे जेथे एकमेकांकडे उतरतात, तेथे मध्ये पत्र्याची पन्हळ घातलेली असते, आणि तिच्याखाली दोन्ही घरांची सामाईक भिंत असते. ती भिंत पुष्कळदा मातीत रचलेली. पन्हळ तुंबून ओसंडली, की पाणी सरळ भिंतीच्या माथ्यावर उतरते. बाहेरच्या गिलाव्यामुळे काही दिसत नाही. आत माती मऊ होत जाते. २०२१ च्या ऑक्टोबरात बेळगाव तालुक्यातील बडाल अंकलगी या गावी संततधार पावसाने भिजलेले घर कोसळून सात जणांना प्राण गमवावे लागले. तेथे पन्हळीचा दोष होता, असे मला म्हणावयाचे नाही. परंतु भिजलेली मातीची भिंत किती थोडा अवधी देते, हे त्या दिवशी साऱ्या जिल्ह्याने पाहिले. ज्यांच्या घरी अशी भिंत आहे, त्यांनी पन्हळीची सफाई हे जीव वाचविण्याचे काम समजावे.

आता उपाय. नळ तुंबण्याच्या जागा तीन: वरचे तोंड, मधला कोपर आणि खालचे टोक. प्रथम तुंबारा कोठे आहे हे ओळखावे. पाऊस नसताना वरच्या तोंडावरची जाळी काढून दोन बादल्या पाणी ओतावे, आणि घरातील एकाला खाली उभे करावे. पाणी खळखळत खाली आले, तर दोष केवळ जाळीवरच्या कचऱ्याचा होता. पाणी काही वेळ आत जाऊन मग तोंडाशी चढू लागले, तर तुंबारा मध्ये किंवा खाली आहे. मग नळावर वरून खालपर्यंत काठीने हलकेच टिचकी मारीत यावे. रिकामा नळ पोकळ वाजतो, पाण्याने किंवा गाळाने भरलेला बद्द वाजतो. आवाज जेथे पुन्हा पोकळ होतो, त्याच्या किंचित वर तुंबारा. बिडाच्या जुन्या नळावर ही खूण फार स्पष्ट उमटते.

सफाईचा क्रम नेहमी खालून वर असावा. पुष्कळ लोक वरून काठी खुपसतात. त्याने कचरा खाली ढकलला जाऊन कोपरात अधिकच घट्ट बसतो. आधी नळ ज्या गटारात किंवा कुंडीत सुटतो, तेथील गाळ उपसून टाकावा. खालचे टोक मोकळे झाले, की कोपराला झाकणाचे तोंड असल्यास ते उघडावे. हे करताना नळाच्या समोर उभे राहू नये, बाजूस राहावे. दुमजली घराच्या नळात सहा मीटर उंचीचे पाणी कोंडलेले असले, तर झाकण सैल होताच ते मोठ्या जोराने बाहेर येते. पाणी निघून गेल्यावर बांबूची लांब लवचिक कामटी, तिच्या टोकाला चिंधी घट्ट बांधून, खालून वर सारावी आणि मागेपुढे करावी. वरून एक दोरी, तिला लहानसे वजन बांधून, सोडता येते. ती खाली आली, की तिला गोणपाटाचा बोळा बांधून नळातून ओढून काढावा. शेवटी वरून भरपूर पाणी सोडून नळ धुवावा, आणि खाली निघालेला कचरा गटारात न ढकलता उचलून टाकावा.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. नळात तेजाब ओतू नये. पानांवर आणि मातीवर त्याचा उपयोग होत नाही, सांधे मात्र खाल्ले जातात, आणि हात-डोळे भाजण्याची भीती असते. उन्हात वर्षे काढलेल्या पीव्हीसीच्या नळावर हातोडी मारू नये. तो ठिसूळ झालेला असतो. ओल्या कौलांवर चढू नये. विजेची तार जवळून गेलेली असेल, तर ओला बांबू किंवा लोखंडी सळई उभी धरू नये. नळात मधोमध सिमेंट बसले असेल, तर घरची खटपट सोडून जाणत्या कारागिराकडून तेवढा तुकडा कापून बदलून घ्यावा. खर्च छताच्या दुरुस्तीहून फारच थोडा येतो.

ऐन पावसात गच्ची भरली तर काय करावे? वीज कडाडत असेल, तर थांबावे. वीज थांबली, की लांब दांड्याच्या खराट्याने तोंडावरचा कचरा बाजूला ओढावा. पाण्याखालच्या तोंडात हात किंवा पाय कधीही घालू नये. कचरा सुटताच पाण्याची ओढ एवढी असते, की हात आत खेचला जाऊन अडकतो. कचरा निघूनही पाणी हलत नसेल, तर एक लांब रबरी नळी पाण्याने भरून तिचे एक टोक गच्चीच्या पाण्यात बुडवावे, आणि दुसरे टोक बोटाने बंद ठेवून कठड्यावरून खाली सोडावे. बोट काढताच पाणी आपोआप वाहू लागते. धार लहान असते, परंतु ती रात्रभर चालते. छत जुने असेल, तर त्याखालच्या खोलीत त्या रात्री कोणास निजू देऊ नये.

याहून चांगला उपाय आधीच करून ठेवता येतो. तोंडावर सपाट जाळी न बसविता घुमटासारखी वर आलेली जाळी बसवावी. सपाट जाळी एका पिशवीने झाकली जाते, घुमटाच्या बाजू मोकळ्या राहतात. गच्चीचा उतार तोंडाकडे, दर दहा फुटांस सव्वा इंच तरी असावा. आणि कठड्याला, गच्चीच्या पातळीहून चार बोटे वर, एक जादा भोक ठेवावे. नळ तुंबलाच, तर तेथून धार पडू लागते. ती धार पाणी बाहेर टाकते, आणि नळ बंद आहे अशी वर्दीही देते.

श्रोतेहो, ही सारी युक्ती कोणासही शिकता येते. खरी अडचण निराळीच आहे. हे काम कोणाचे, हे ठरलेले नसते. भाड्याच्या घरात मालक म्हणतो, राहणाऱ्याने पाहावे. राहणारा म्हणतो, घर मालकाचे. सदनिकांच्या इमारतीत वरच्या मजल्यावरचा सोडून इतरांना छत गळत नाही, म्हणून त्यांना घाई नसते. आणि आपल्या जुन्या वाड्यांची गोष्ट तर सर्वांत कठीण. भावाभावांत वाटण्या झाल्या, वाटणीपत्रात खोल्या लिहिल्या, विहीर लिहिली, परसातील आंबा-फणसही लिहिले. पन्हळ मात्र कोणी लिहिली नाही. ती नेमकी दोघांच्या हद्दीवर येते. एकाने सफाई केली, तर ती आपली हे कबूल केल्यासारखे होईल, या भयाने दोघेही हात लावीत नाहीत. पाऊस वाटणीपत्र वाचीत नाही. सामाईक भिंत भिजते ती दोन्ही अंगांनी भिजते.

म्हणून माझी सूचना अशी, की प्रत्येक घराने एक माणूस आणि तीन दिवस ठरवावेत. पहिला दिवस रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वीचा, म्हणजे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातील. वळवाची एखादी सर त्यापूर्वी येऊन गेली असेल, तर तीच आपली पूर्वपरीक्षा समजावी. गच्चीवर अर्ध्या तासानंतरही पाणी दिसले, तर मृगाची वाट पाहू नये. दुसरा दिवस श्रावणातील एखाद्या उघडिपीचा. तिसरा नवरात्रापूर्वीच्या साफसफाईतला. कारण बेळगावकडे आणि हैदराबादेकडे परतीचा पाऊसही काही थोडा नसतो. हे दिवस भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावेत, आणि त्यांपुढे नाव घालावे. दोन घरांची पन्हळ असेल, तर एक वर्ष एकाने आणि दुसरे वर्ष दुसऱ्याने, असे तोंडी न ठेवता लिहून ठरवावे. त्यात कोणाचा हक्क बुडत नाही.

जाता जाता आणखी एक विनंती. आपल्या या सर्व गावांतून आज कितीतरी घरी केवळ वृद्ध मंडळी राहतात. मुले पुण्यास, बंगळूरला किंवा परदेशी असतात. त्या घरांतील आजी-आजोबांना गच्चीचा जिना चढवत नाही, आणि वर काय साठले आहे हे छत ठिबकू लागेपर्यंत कळत नाही. आपल्या घरातील तरुण मुलगा किंवा मुलगी आपली जाळी साफ करण्यास वर जाईल, तेव्हा त्याच खराट्यानिशी त्याने शेजारच्या काकांच्या गच्चीवरही एक चक्कर मारावी, आणि खाली येऊन त्यांना एवढेच सांगावे, की काका, तुमचा नळ मोकळा आहे. पावसाळ्याच्या रात्री त्या घरी स्वस्थ झोप लागेल.